साडेपाच वर्षांत नेमके काय शिकवले जाते?

बारावीचा आणि पाठोपाठ ‘नीट’चा निकाल लागला की कुरुंदवाडसारख्या गावात विज्ञान-शिक्षकाच्या दारात एक ठरलेला प्रश्न येऊन उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी हुशार असते. घरच्यांनी उसाच्या बिलातून शिकवणीचे पैसे भरलेले असतात. पण एमबीबीएसला लागतात तेवढे गुण पडलेले नसतात. मग वडील विचारतात, “सर, आता बीएएमएस घेऊ दे का बीएचएमएस? शेवटी लोक डॉक्टरच म्हणणार न्हवं?”

आपण शिक्षक या प्रश्नाचे उत्तर बहुधा व्यवहाराने देतो. फी किती, कॉलेज जयसिंगपूर-कोल्हापूरकडे मिळेल की लांब जावे लागेल, पुढे दवाखाना कुठे टाकता येईल, याचा हिशेब मांडतो. एक प्रश्न मात्र ना पालक विचारतात, ना आपण. या साडेपाच वर्षांत मुलांना जे शिकवले जाणार आहे ते खरे आहे काय? आणि खरे नसेल तर ते वगळण्याची काही सोय त्या शिक्षणात आहे काय? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

रसायनशास्त्रातील एक धडा

अकरावीला आपण मोल ही संकल्पना शिकवतो. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, हा अ‍ॅव्होगॅड्रो अंक मुले पाठ करतात आणि त्यावरची गणितेही सोडवतात. आता हाच विद्यार्थी बीएचएमएसला गेला असे समजू. तेथे औषधनिर्मिती शिकताना मूळ अर्काचा एक भाग शंभर भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून हलवायचा, त्यातला एक भाग पुन्हा शंभर भागांत मिसळायचा, अशा पायऱ्या तो शिकतो. अशा तीस पायऱ्या झाल्या की ‘३०’ या शक्तीचे औषध तयार होते. पायरी जितकी वरची तितके औषध अधिक प्रभावी, असे तेथे मानले जाते.

यातले गणित वर्गात फळ्यावर करता येते. प्रत्येक पायरीला शंभराने भागायचे. बारा पायऱ्या झाल्या की आपण १० च्या २४ व्या घाताने भागलेले असते. म्हणजे सुरुवातीला पूर्ण एक मोल पदार्थ घेतला असला, तरी बाराव्या पायरीला त्याचा एक रेणू उरण्याचीही खात्री नाही. पृथ्वीवरील सर्व महासागरांत मिळून सुमारे १३५ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. त्यात एक थेंब औषध टाकून सारे पाणी ढवळले, तर होणारी विरलता तेराव्या पायरीच्या जरा अलीकडेच राहते. तिसाव्या पायरीच्या औषधातला एक रेणू पोटात जावा असे वाटत असेल, तर सूर्याच्या सुमारे १५ हजार पट वस्तुमानाचे पाणी प्यावे लागेल. (हे गणित मुलांकडून करून घ्यावे. पाण्याचा रेणुभार १८ धरला की दहा मिनिटांत होते.)

सॅम्युएल हानेमान यांनी ‘ऑर्गनॉन’ हा ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध केला. अ‍ॅव्होगॅड्रो यांनी आपले गृहीतक मांडले ते १८११ साली, आणि रेणूंच्या आकाराचा व संख्येचा पहिला बरा अंदाज लोश्मिट यांनी केला तो १८६५ साली. तोवर हानेमान यांचे निधन होऊन बावीस वर्षे झाली होती. त्यांच्या काळात रक्त काढणे आणि पाऱ्याचे रेचक देणे हे प्रतिष्ठित उपचार होते. त्यांपेक्षा हानेमान यांचे निरुपद्रवी पाणी रुग्णाला पुष्कळ बरे होते. म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो आजच्या अभ्यासक्रमाचा. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे विषय आधुनिक विज्ञानाप्रमाणे शिकवले जातात आणि त्यांच्याच शेजारी रेणू नसलेले औषध अधिक प्रभावी असते हेही शिकवले जाते. या दोहोंचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न परीक्षेत येत नाही. विद्यार्थी दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या पेपरांत लिहितो आणि दोन्हींत उत्तीर्ण होतो.

होमिओपॅथीची काही औषधे कमी पायऱ्यांची असतात व त्यांत मूळ पदार्थ असतो, हे खरे आहे. पण करोनाच्या साथीत २०२० साली आयुष मंत्रालयाने सुचवलेले आणि आपल्या राज्यात गावोगाव वाटले गेलेले ‘आर्सेनिकम आल्बम ३०’ त्या जातीचे नव्हते. मूळ पदार्थ सोमल, पण तिसाव्या पायरीचा. त्यात सोमल नव्हता ही एक परीने दिलासा देणारीच गोष्ट म्हणायची. मात्र ‘आपण गोळ्या घेतल्या आहेत’ या समजुतीने कोणी गर्दीत निर्धास्त हिंडला असेल, तर ती गोळी निरुपद्रवी राहत नाही.

“पण अनुभव येतो ना!”

येथे कोणीही समंजस वाचक म्हणेल की गणित राहू द्या, आमच्या घरी गुण आला आहे त्याचे काय? हा प्रश्न टाळू नये. सर्दी आठवड्यात आपोआप बरी होते. दमा, संधिवात, अर्धशिशी, त्वचारोग हे चढउताराचे आजार आहेत. माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास सर्वांत जास्त असताना. त्यानंतर उतार पडणार असतोच, आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपचाराला मिळते. त्यात होमिओपॅथीचे डॉक्टर रुग्णाशी अर्धा-अर्धा तास बोलतात. या बोलण्याचा गुण येतो हेही नाकारण्यात अर्थ नाही.

हे सारे वेगळे काढण्यासाठीच अशी चाचणी करतात की खरे औषध कोणते आणि नुसती साखर कोणती हे घेणाऱ्यालाही माहीत नसते आणि देणाऱ्यालाही. १९८८ साली जाक बेनव्हेनिस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. रेणू उरणार नाही इतक्या विरल द्रावणाचाही पेशींवर परिणाम होतो, असा त्याचा दावा होता. संपादक जॉन मॅडॉक्स स्वतः दोन सहकाऱ्यांसह प्रयोगशाळेत गेले. नळ्यांवरच्या खुणा सांकेतिक करून, कोणती नळी कशाची हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवले गेले. तेव्हा परिणाम नाहीसा झाला. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने १७६ अभ्यासांचा आढावा घेतला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा असलेला एकही आजार नाही, असा निष्कर्ष तिने काढला.

ब्रिटनमध्ये काही विद्यापीठे होमिओपॅथीची चक्क बीएस्सी पदवी देत होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील औषधशास्त्रज्ञ डेव्हिड कोल्हून यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये त्यावर कडक टीका केली. वर्गात काय शिकवता ते दाखवा, अशी मागणी त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली केली. युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल लँकशायरने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि मजकूर दाखवावा असा निर्णय झाला. दरम्यान या विद्यापीठाने व वेस्टमिन्स्टर विद्यापीठानेही होमिओपॅथीच्या पदवीचे प्रवेश बंद केले होते. येथे कोणी बंदी घातली नव्हती. ‘विज्ञानाची पदवी’ म्हणता, तर त्यातले विज्ञान दाखवा, एवढेच विचारले गेले होते.

आयुर्वेदाचे वेगळे आहे, आणि नाहीही

आयुर्वेदाला हीच फूटपट्टी लावताना एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. येथे वनस्पती आहेत, त्यांत रसायने आहेत आणि शेकडो वर्षांची निरीक्षणे आहेत. त्यांतली काही कसोटीला उतरली आहेत.

सर्पगंधेचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर करून, मोजमापे ठेवून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि ते जगभर वापरात आले. पुढे त्याच काटेकोर नोंदींतून काही रुग्णांना त्याने खिन्नता येते हेही दिसले, आणि अधिक चांगली औषधे आल्यावर त्याचा वापर ओसरला. दुसरे उदाहरण क्षारसूत्राचे. भगंदरावरील या उपचाराची शस्त्रक्रियेशी तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केली व १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जखम भरायला क्षारसूत्राने वेळ जास्त लागला, पण आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. म्हणजे पारंपरिक उपचाराची चाचणी करता येत नाही, हे म्हणणे खरे नाही.

मग बीएएमएसच्या शिक्षणात अडचण कोठे आहे? अडचण अशी की कसोटीला उतरलेले आणि न उतरलेले यांत तेथे भेद केला जात नाही. सर्पगंधा, क्षारसूत्र, त्रिदोष, पाऱ्याची भस्मे हे सारे एकाच अधिकाराने शिकवले जाते. तो अधिकार ग्रंथाचा असतो. बनारस हिंदू विद्यापीठात शरीरक्रिया शिकवणारे आयुर्वेदाचे प्राध्यापक किशोर पटवर्धन यांनी २०२२ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये एक कबुली दिली. प्राचीन ग्रंथांतील शरीराविषयीच्या कल्पनांना आधुनिक शरीरशास्त्राचे अर्थ चिकटवून आपण वर्षानुवर्षे शिकवले व पुस्तके लिहिली, ही चूक होती, असे त्यांनी सांगितले. विद्यार्थ्याला आपण गोंधळात टाकत होतो, हे एका शिक्षकाने जाहीरपणे म्हणणे सोपे नाही. आपल्या व्यवसायातील माणसांनी तो लेख जरूर वाचावा.

खरे तर ग्रंथप्रामाण्य ही प्राचीनांचीच एकमेव रीत होती असेही नाही. सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची पद्धत दिली आहे. मृतदेह गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात दिवस कुजू द्यावा, मग कुंचल्याने एकेक थर घासून काढीत डोळ्यांनी पाहावे, असे तेथे सांगितले आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयाच्या शेवटी म्हटले आहे की ग्रंथ ऋषीचा आहे म्हणून नव्हे, तर म्हणणे चांगले आहे म्हणून स्वीकारावे. नदीत उतरून पाहणाऱ्या माणसाचा वारसा सांगायचा आणि त्याचे वर्णन पाठ करून गुण मिळवायचे, हा वारसा नव्हे. पाठांतराचे हे दुखणे आपल्या शाळांतही आहे, म्हणून ते ओळखणे आपल्याला जड जाऊ नये.

भेद न केल्याची किंमत रुग्ण देतो. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला. करोनाच्या काळात ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ म्हणून घरोघर गुळवेलीचा काढा उकळला गेला. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. मंत्रालयाने ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त धरला तरी प्रश्न उरतोच. तज्ज्ञालाही खात्री देता येत नसेल, तर बांधावरची वेल कापून आणणाऱ्याने ती कशी द्यावी? ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य मुलांच्या वह्यांतून काढून टाकले पाहिजे. धोतराही नैसर्गिकच आहे.

एक वर्षाचा पूल

आता शिक्षणाचा पुढचा भाग पाहू. पदवीधर बाहेर पडून काय करतो? आपल्या तालुक्यात रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरही तोच असतो. उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमले गेलेले अनेक जण बीएएमएस आहेत. कृष्णा-पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तालुक्याने पाहिलेच आहे की गाव अडचणीत असते तेव्हा जवळचा डॉक्टर किती मोलाचा असतो. त्यांच्या सेवेविषयी कृतज्ञताच हवी. पण ते तेथे जे करतात ते काढ्याचे किंवा गोड गोळ्यांचे काम नसते. ते सलाईन लावतात, प्रतिजैविके देतात, रक्तदाब मोजून संदर्भ चिठ्ठी लिहितात.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात स्पष्ट केले होते की होमिओपॅथीचे शिक्षण घेतलेल्याने आधुनिक औषधे देणे हाच निष्काळजीपणा आहे. त्या प्रकरणातला रुग्ण दगावला होता. त्यानंतर महाराष्ट्राने २०१४ साली कायदे बदलले. होमिओपॅथीच्या पदवीधराने नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला, तर त्याला आधुनिक औषधे लिहिता येतील अशी वाट काढली. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला आणि वाद उच्च न्यायालयात गेला. २०२५ च्या जुलैत अशा डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी सुरू होणार होती, ती विरोधामुळे थांबली. सप्टेंबरमध्ये सरकारने पुन्हा नोंदणीचा आदेश काढला आणि १८ सप्टेंबरला राज्यातील एमबीबीएस डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला.

वर्तमानपत्रांतून हा वाद दोन संघटनांच्या भांडणासारखा दिसला. आपण शिक्षक म्हणून त्याकडे वेगळ्या बाजूने पाहू. साडेपाच वर्षांच्या शिक्षणाने रुग्ण बरे करता येत असतील, तर या एका वर्षाची गरज काय? आणि जे काम करायचे आहे ते या एका वर्षातच शिकायचे असेल, तर आधीची साडेपाच वर्षे कशासाठी? तिसरीही बाजू आहे. आधुनिक औषधे सुरक्षितपणे द्यायला एक वर्ष पुरत असेल, तर एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला इतकी वर्षे का अडकवून ठेवायचे? या तीन प्रश्नांची एकमेकांशी न भांडणारी उत्तरे सरकारने दिलेली नाहीत, आणि दोन्ही संघटनांनीही दिलेली नाहीत. खेड्यात डॉक्टर हवे आहेत हे खरे. तर मग खेड्यात लागणारे वैद्यक पहिल्या दिवसापासून नीट शिकवणारा, प्रामाणिक नावाचा वेगळा अभ्यासक्रम काढावा. एका शास्त्राची पदवी देऊन दुसऱ्या शास्त्राचे काम करवून घेणे ही त्या विद्यार्थ्याचीही फसवणूक आहे. पुढे काही बिनसले तर खटल्यात तोच एकटा उभा राहतो.

आधुनिक वैद्यकही धुतल्या तांदळाचे नाही

न्यायाने हेही सांगितले पाहिजे. अनावश्यक शस्त्रक्रिया, औषध कंपन्यांची भेटींची खैरात, भरमसाट देणग्या घेणारी महाविद्यालये हे सारे आधुनिक वैद्यकात आहे. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी अशीच स्थिती होती. अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालये पाहून १९१० साली अहवाल दिला. प्रयोगशाळा आहे का, रुग्णालय आहे का, विद्यार्थी स्वतःच्या हाताने काही करतो का, हे त्यांनी सर्व पंथांच्या शाळांना सारखेच विचारले. त्यानंतर बंद पडलेल्यांत होमिओपॅथीची विद्यालये होती, तशी आधुनिक म्हणवणारी सुमार विद्यालयेही होती.

पण माणसांची लबाडी आणि शास्त्राची पद्धत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आधुनिक वैद्यकाच्या पुस्तकांची जुनी आवृत्ती रद्दीत जाते. रक्त काढण्याचा उपचार पॅरिसच्या पिएर लुई यांनी १८३० च्या सुमारास रुग्णांची मोजदाद करून संशयास्पद ठरवला आणि कालांतराने तो गेला. रेसर्पिन आले तसे मागेही पडले. ‘गेल्या पन्नास वर्षांत पुरावा नाही म्हणून तुमच्या अभ्यासक्रमातून काय वगळले?’ हा प्रश्न कोणत्याही शाखेला विचारावा. उत्तर देता येत असेल, तर तेथे शास्त्र आहे.

वर्गात काय करता येईल?

१. पोटॅशियम परमँगनेटचे साधारण एक टक्क्याचे द्रावण घ्या. एक भाग द्रावण व नऊ भाग पाणी अशा पायऱ्यांनी परीक्षानळ्यांत विरल करत जा. रंग दिसेनासा होईपर्यंत चार-पाच पायऱ्याच होतात. मग विचारा, रंग गेला म्हणजे पदार्थ गेला काय? किती पायऱ्यांनंतर तो खरोखर जाईल? उत्तर अ‍ॅव्होगॅड्रो अंकावरून काढू द्या.

२. गूळ हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान. दोन प्रकारचे गूळ आणा आणि दोन विद्यार्थ्यांना ताटल्यांवर फक्त क्रमांक घालायला सांगा. ते दोघे नंतर वर्गाबाहेर राहतील. ज्याला चवीने फरक ओळखता येतो असे वाटते त्याला आठ वेळा चाखू द्या. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये १ आहे. नंतर तोच प्रयोग नावाच्या चिठ्ठ्या उघड ठेवून करा. नाव दिसल्यावर चव कशी बदलते हे मुलांना आपल्याच जिभेवर कळेल.

३. अभ्यासक्रम पाहा. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या राष्ट्रीय आयोगांचे अभ्यासक्रम सर्वांना पाहण्यास खुले आहेत. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासोबत एक संध्याकाळ बसून ते वाचावेत.

राहता राहिला त्या वडिलांचा प्रश्न. “घेऊ नका” असे फटकन सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रवेश घेणाऱ्या मुलालाही पोट आहे, आणि गावालाही डॉक्टर हवा आहे. पण एवढे सांगता येईल, आणि सांगितलेच पाहिजे: “जायचे तर जा. मात्र तेथे जे शिकवतील त्यातले कशाला पुरावा आहे आणि कशाला नाही, याची वही पहिल्या दिवसापासून ठेव. अकरावीत शिकलेला मोल विसरू नकोस. आणि आपल्याला येत नाही ते रुग्णाला स्पष्ट सांगून वेळेवर सांगली-मिरजेला पाठवण्याची लाज कधी बाळगू नकोस.” यासोबत बीएस्सी, नर्सिंग, औषधनिर्माण, प्रयोगशाळा तंत्रज्ञ हे रस्तेही तितक्याच मानाने त्याच्यासमोर ठेवावेत. आज आपण ते खालच्या आवाजात सांगतो, म्हणूनही पालकांना ‘डॉक्टर’ या एका शब्दापलीकडे काही दिसत नाही.